कन्व्हर्टरचा दोष कानाला कळतो का? चाचणी नीट घेण्याची पद्धत

गोव्यात घराघरांत जुन्या कॅसेटींचे खोके पडून आहेत. जत्रेतली संगीत नाटकं, देवळातल्या भजनाच्या बैठका, चवथीच्या घुमट आरत्या. त्या संगणकावर उतरवायचं काम आता मंडळांनी आणि नातवंडांनी हाती घेतलंय, आणि जिथे तिथे तोच वाद उभा राहतो: कॅसेटच्या आवाजाचे संगणकाला समजणारे आकडे करणारा कन्व्हर्टर किती महागाचा हवा? एक म्हणतो, दोन हजारांचा डबा पुरे. दुसरा म्हणतो, वीस हजारांचा इंटरफेस (चांगला कन्व्हर्टर असलेलं, संगणकाला जोडायचं यंत्र) घेतल्याशिवाय आवाजात जीव येत नाही. मग तीच कॅसेट दोन्ही यंत्रांतून एकेकदा वाजवतात, दोन फाइली ऐकतात आणि निकाल लावून मोकळे होतात.

तो निकाल कुचकामी असतो. कॅसेट दोनदा सारखी वाजत नाही. फीत हेडवरून जरा तिरकी गेली तरी वरचे सूर बदलतात, वेगही किंचित डुलतो. दोन फाइलींची लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी, वेगळी असते, आणि किंचित मोठा आवाज कानाला नेहमी ‘जास्त चांगला’ वाटतो. शिवाय कुठली फाइल महागड्या यंत्राची हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. या तिन्ही गोष्टी बाजूला काढल्याशिवाय कन्व्हर्टरबद्दल काहीही बोलता येत नाही. पुढचा सगळा खटाटोप त्यासाठीच.

## टप्पा १: नेमकं काय शोधायचंय ते लिहून काढा

तीन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. दोष मापनात दिसतो का? दिसला तर कानाला कळतो का? आणि कळलाच, तर आपल्या कॅसेटीच्या खरखरीतून वर येतो का? पहिल्याचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ असतं, कारण निर्दोष कन्व्हर्टर अस्तित्वात नाही. म्हणून आलेख दाखवून ‘बघा, फरक आहे’ म्हणण्यात काही अर्थ नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी कान लागतात, तेही नाव न सांगता ऐकणारे.

कागदावर एक वाक्य लिहा: ‘अमुक यंत्रातून एकदा गेलेली फाइल मूळ फाइलीपासून ओळखता येते का?’ चाचणीच्या मध्येच हे वाक्य बदललं, तर चाचणी पहिल्यापासून.

## टप्पा २: कॅसेट बाजूला ठेवा, फाइल घ्या

कन्व्हर्टर तपासताना कॅसेट स्रोत म्हणून वापरूच नका. संगणकावरची वेव्ह फाइल वाजवा, ती ज्या यंत्राच्या आउटपुटमधून बाहेर येते तिथून केबल तपासायच्या यंत्राच्या लाइन-इनला (डेक, मिक्सर अशा यंत्रांचा आवाज आत घ्यायच्या भोकाला) द्या आणि तिथे रेकॉर्ड करा. फाइल कितीही वेळा वाजवली तरी तशीच वाजते. वर मोठा फायदा असा की मूळ फाइल हाताशी राहते, म्हणजे तुलना दोन संशयितांमध्ये न होता मूळ आणि नक्कल यांच्यात होते.

सावधान. या फेऱ्यात दोन रूपांतरं होतात: वाजवताना डिजिटलचं अ‍ॅनालॉग, घेताना अ‍ॅनालॉगचं डिजिटल. नक्कल ओळखता आली नाही, तर दोन्ही एकदम सुटले. ओळखता आली, तर दोष कुणाचा हे अजून ठरलेलं नाही. मग वाजवणारं यंत्र तेच ठेवून घेणारं बदला. दोष गेला तर तो घेणाऱ्याचा होता. तसाच राहिला तर वाजवणाऱ्याकडे बघा.

## टप्पा ३: संगणक आणि वायरी

इथे कंटाळा करणाऱ्यांचे बाकीचे सगळे टप्पे फुकट जातात.

लॅपटॉपचं माइकचं भोक लाइन-इन म्हणून वापरू नका. ते बहुधा मोनो असतं, माइकसाठी त्यात थोडा व्होल्टेज सोडलेला असतो आणि लाइनचा सिग्नल तिथे लगेच फाटतो. विंडोजमध्ये त्या इनपुटची सगळी ‘सुधारणा’ बंद करा. आवाज आपोआप कमीजास्त करणारी आणि गोंगाट गाळणारी सोय चालू राहिली तर तुम्ही कन्व्हर्टर न तपासता ती सोयच तपासत बसाल. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, म्हणजे सॅम्पल, घेतले जातात तो आकडा) तीन ठिकाणी बघायचा: फाइलीत, विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. तिन्हीकडे एकच आकडा हवा, नाहीतर विंडोज मधल्या मध्ये गुपचूप रूपांतर करतं.

४४.१ किलोहर्ट्झची फाइल कुठेतरी ४८ ची म्हणून नोंदली गेली, तर सूर जवळजवळ दीड स्वरस्थान वर चढतो. काळी चारमध्ये गाणारा बुवा पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मध्ये कुठेतरी गाताना ऐकू येतो. पेटीवाल्याला हे तत्काळ कळतं, बाकीच्यांना नुसतंच ‘काहीतरी पातळ वाटतंय’. अशा फाइली लोक ‘डिजिटलचा दोष’ म्हणून दाखवतात.

आता विजेचं. आपल्याकडे बऱ्याच जुन्या चिरेबंदी घरांत अर्थिंगचा भरवसा नसतो, आणि पावसाळ्यात इन्व्हर्टर सतत मध्ये येतो. केबल जोडलेली, पण काहीही न वाजवता ३० सेकंद शांतता रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तिचा स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झवर किती आवाज आहे त्याचा आलेख) काढा. ५०, १००, १५० हर्ट्झवर सुळके दिसले तर ती विजेची घूं. लॅपटॉपचा चार्जर काढून पुन्हा घ्या. सुळके गेले म्हणजे दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा (जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेचा), कन्व्हर्टरचा नव्हे. १ किंवा ८ किलोहर्ट्झवर बारीक शिट्टी दिसली तर ती बहुतेक यूएसबीतून आलेली; दुसरं पोर्ट किंवा वेगळा पॉवर असलेला हब लावून बघा.

तपासणी. शांततेचं रेकॉर्डिंग दोनदा घ्या: एकदा इन्व्हर्टरवर, एकदा थेट विजेच्या लाइनवर. दोन्ही सारखी येईपर्यंत पुढे जाऊ नका. आणि चाचणी चालू असताना वीज गेली तर ते रेकॉर्डिंग टाकून द्या, ‘वाचलेला भाग’ वापरू नका.

## टप्पा ४: गेन एकदा लावा आणि सोडून द्या

९९७ हर्ट्झचा सूर पूर्ण लेव्हलवर वाजवा आणि गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) असा लावा की रेकॉर्डिंग उणे ३ डेसिबलच्या आसपास येईल; इथे पूर्ण लेव्हल म्हणजे शून्य, आणि तिच्याखालचं सगळं उणे. १००० ऐवजी ९९७ का? ४८ किलोहर्ट्झला १००० हर्ट्झच्या एका फेऱ्यात बरोबर ४८ सॅम्पल बसतात आणि तीच ४८ मूल्यं पुन्हापुन्हा येतात. ९९७ ही मूळ संख्या असल्यामुळे कन्व्हर्टरच्या कितीतरी जास्त पायऱ्या तपासल्या जातात. गेन लागला की बटणावर चिकटपट्टी लावा. खरंच लावा, कारण कुणाचा तरी हात लागतोच.

इथे एक लपलेला खड्डा आहे. काही यंत्रांत कन्व्हर्टरच्या आधीचा अ‍ॅनालॉग भागच आधी फाटतो. मीटर उणे ४ दाखवतो, लाल दिवा लागत नाही, तरी लाटेचा माथा सपाट झालेला असतो. व्यावसायिक लाइन लेव्हल घरगुती लाइन लेव्हलपेक्षा सुमारे १२ डेसिबल मोठी असते, आणि मिक्सरचं आउटपुट घरगुती इनपुटला जोडलं की हे होतंच. ओळखायचं असं: सूर हळूहळू वाढवत न्या आणि स्पेक्ट्रममध्ये २ आणि ३ किलोहर्ट्झकडे लक्ष ठेवा. तिथले सुळके एकदम उंच उठले की ती या यंत्राची खरी मर्यादा, मीटर काहीही म्हणो.

रेकॉर्डिंग २४ बिटवर (बिट जितके जास्त, तितकी आवाजाची नोंद बारीक). १६ बिटची सैद्धांतिक मर्यादा सुमारे ९८ डेसिबल आहे, ती संगीताला पुरते. पण चाचणीत फाइलीची लेव्हल खालीवर करावी लागते, तेव्हा हातात जागा हवी.

## टप्पा ५: काय वाजवायचं

आधी मापनाचे सूर, मग संगीत. मापनाचे सूर तुम्हाला कान कुठे लावायचा ते सांगतात. त्यावरून निकाल लावायचा नसतो.

१. शांतता. वर घेतलीच आहे.

२. ९९७ हर्ट्झ, उणे १ डेसिबल. मोठ्या आवाजातली विकृती दिसते.

३. तोच सूर उणे ६० डेसिबलवर. लहान आवाजात कन्व्हर्टर कसा वागतो ते कळतं. खालची गोंगाटाची पातळी सपाट हवी. सुराच्या पटीत सुळके उभे राहिले तर ते वाईट, कारण सुराला चिकटलेली घाण साध्या खरखरीपेक्षा कानाला लवकर टोचते.

४. १९ आणि २० किलोहर्ट्झ एकत्र. बघायचं मात्र १ किलोहर्ट्झवर. तिथे काही उगवलं तर यंत्र दोन सुरांची वजाबाकी करून तिसरा सूर तयार करतंय.

५. घडी पडण्याची चाचणी, म्हणजे एलिअसिंग: सॅम्पल रेटच्या निम्म्याहून उंच सूर फिल्टरने अडवला नाही, तर तो खाली घडी पडून खोटा सूर होऊन उमटतो. यासाठी वाजवणारं यंत्र ९६ वर आणि घेणारं ४४.१ वर हवं, तेव्हा दोन वेगळी यंत्रं लागतात. ३० किलोहर्ट्झचा सूर वाजवा. ४४.१ मधून ३० वजा केले की १४.१. तिथे सुळका दिसला तर फिल्टर कच्चा. २३ चा सूर २१.१ वर थोडा दिसला तर घाबरू नका. बऱ्याच चिपांचे फिल्टर त्या काठावर ढिले असतात आणि तिथे कुणाचा कान पोचत नाही.

संगीतासाठी २० ते ३० सेकंदांचे तुकडे पुरतात, त्याहून लांब नकोत. कानाची अचूक आठवण फार लवकर पुसट होते. गोव्यातल्या माणसाला साहित्य शोधायला लांब जावं लागत नाही. घुमट आरतीचं एखादं स्वच्छ डिजिटल रेकॉर्डिंग घ्या: कासाळ्यांत (झांजांत) वरचे सूर आणि तडाखा, घुमट या मातीच्या वाद्यात खालचा घुमार, समेळ या काठ्यांनी वाजवायच्या वाद्यात कडक आघात. फिल्टर आणि क्लिपिंगची (लाट फाटण्याची) परीक्षा एका तुकड्यात होते. दुसरा तुकडा तानपुऱ्यावर एकट्या आलापाचा, कारण लांब धरलेल्या सुरात गढूळपणा पटकन उघडा पडतो. तिसरा पेटीच्या विरत जाणाऱ्या शेवटच्या सुराचा, गोंगाटासाठी. एमपीथ्रीवरून बनवलेला तुकडा चालणार नाही, त्याच्यात आधीच कापाकापी झालेली असते.

प्रत्येक तुकड्याच्या आधी आणि नंतर एकेक टिचकी जोडा, फक्त एका सॅम्पलची. पुढे तीच तारणार आहे.

## टप्पा ६: फाइली जुळवणं

इथे सावकाश जा. मी पाहिलेल्या बहुतेक ‘ऐकू येणाऱ्या फरकांचा’ जन्म याच टप्प्यात होतो.

वेळ. मूळ आणि नक्कल एकाखाली एक ठेवा, पहिली टिचकी मोठी करून बघा आणि नक्कल सरकवा. मग शेवटची टिचकी बघा. दोन यंत्रांची घड्याळं वेगळी असतील तर शेवटी थोडी तफावत निघेल: दहा लाखांत १० इतका फरक असला तरी ३० सेकंदांत सुमारे १३ सॅम्पल. तो हळूहळू वाढत गेला असेल तर घड्याळ, आणि ऐकताना तो कळत नाही. पण मध्येच एका जागी एकदम उडी असेल तर काही सॅम्पल गळले. तो बफरचा (संगणक आवाज तात्पुरता साठवतो त्या जागेचा) दोष. बफर वाढवा आणि पुन्हा रेकॉर्ड करा. वाजवणं आणि घेणं एकाच इंटरफेसमध्ये असेल तर घड्याळही एकच, ही भानगडच नाही.

उलटी लाट. काही इनपुट लाट उलटी करतात. टिचकी वर जाते की खाली ते बघा, उलटी असेल तर सरळ करून घ्या.

लेव्हल. ९९७ हर्ट्झच्या सुरावरून दोन्ही फाइलींची आरएमएस (म्हणजे एक प्रकारची सरासरी) पातळी मोजा आणि फरक ०.१ डेसिबलच्या आत आणा. डावा आणि उजवा चॅनल वेगवेगळा मोजा. कानाने लेव्हल जुळवू नका. अर्ध्या डेसिबलचा फरक ‘आवाज मोठा’ म्हणून ऐकू येत नाही, तो ‘खोली’, ‘उब’, ‘जिवंतपणा’ अशा नावांनी ऐकू येतो, आणि इंटरफेसबद्दलची निम्मी स्तुतिस्तोत्रं तिथूनच येतात.

हे झाल्यावर हौशी लोक नक्कल उलटी करून मूळ फाइलीत मिळवतात आणि जे उरतं ते मोठं करून ऐकतात: ‘बघा, गाणं ऐकू येतंय, म्हणजे कन्व्हर्टरने गाणं खाल्लं!’ तसं काही नसतं. लेव्हलमध्ये ०.१ डेसिबलचा फरक राहिला तर वजाबाकी उणे ३९ डेसिबलच्या खाली जाऊच शकत नाही. एका सॅम्पलची वेळ चुकली तर १ किलोहर्ट्झला ती उणे १७ वरच अडते. उरलेलं गाणं हे जुळवणीच्या चुकीचं असतं. वजाबाकीचा उपयोग एवढाच: गाणं जवळजवळ नाहीसं होऊन फक्त घूं, शिट्टी किंवा फाटल्याची कुरकुर उरली, तर दोषाची जात कळते. आणि उरलेलं वेगळं ऐकू आलं म्हणजे गाण्यात मिसळल्यावरही ऐकू येईल असं मुळीच नाही, मोठा आवाज लहानाला झाकतो.

तपासणी. दोन्ही फाइलींचा फॉरमॅट, सॅम्पल रेट, लांबी एकच हवी. सुरुवातीला आणि शेवटी एकसारखा छोटा फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) द्या, टिचक्या कापून टाका. बदलताना एका फाइलीला ‘टक्’ वाजत असेल तर ऐकणारा त्या टक्‌वरून ओळखेल.

## टप्पा ७: नाव न सांगता ऐकणं

पद्धत एबीएक्स. ए म्हणजे मूळ, बी म्हणजे नक्कल, आणि एक्स म्हणजे या दोहोंपैकी कुठलं तरी एक, संगणकाने चिठ्ठी टाकून निवडलेलं. ऐकणाऱ्याने एक्स कोण ते सांगायचं. फूबार २००० या मोफत प्लेअरला यासाठी जोडणी मिळते. सॉफ्टवेअर नसेल तर एकाने नाणं उडवून फाइल लावायची. पण त्याने ऐकणाऱ्याच्या समोर बसायचं नाही आणि बोलायचंही नाही. चेहरा बोलतो.

कोणाला बसवायचं? ज्याने टप्पा ३ ते ६ केले त्याला शेवटी. आधी मंडळातल्या पेटीवाल्या काकांना, पखवाजवाल्याला बसवा. त्यांना बिट आणि हर्ट्झ कळत नसले तरी कान तयार असतात.

क्रम असा:

१. सराव. मूळ फाइल आणि तिचीच मुद्दाम बिघडवलेली प्रत, समजा ८ बिटची, उघडपणे ऐकवा. काय शोधायचं ते कानाला कळू दे.

२. साक्षीदार फेरी. अगदी थोडी बिघडवलेली, पण ओळखता येईल अशी प्रत नाव न सांगता द्या. ही ओळखता आली नाही तर हेडफोन, खोली किंवा माणूस त्या दिवशी योग्य नाही. चाचणी थांबवा. हा टप्पा गाळला तर ‘फरक नाही’ या निकालाला काडीची किंमत राहत नाही.

३. खरी फेरी. १६ वेळा, हा आकडा आधी ठरवलेला. नुसत्या अंदाजाने १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी, १३ किंवा जास्तची सुमारे १ टक्का. १२ च्या खाली आलं तर फरक सिद्ध झाला नाही.

सावधान. ‘७ पैकी ६ बरोबर आले, आता थांबू’ हे चालत नाही. चांगल्या जागी थांबलं की कुठलाही अंदाज ज्ञान वाटायला लागतो. तसंच वीस जणांना बसवलं तर एखादा निव्वळ नशिबाने पास होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. त्याची मिरवणूक काढण्याआधी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून पुन्हा १६ फेऱ्या करून घ्या.

आवाजाची पातळी सुरुवातीला लावायची आणि तीच ठेवायची. सूर विरताना बटण पिळून खरखर शोधली तर ती कुठल्याही यंत्रात सापडेल. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मायर आणि मोरान यांच्या चाचण्यांत सीडीच्या दर्जाचा असाच फेरा मध्ये घालून ऐकवला होता: ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे नाणेफेकीइतकीच. गोंगाटाचा फरक कळला तो फक्त आवाज नेहमीपेक्षा खूप चढवल्यावर.

खोली शांत हवी. पंखा बंद, एसी बंद, बंद कपांचे हेडफोन. आषाढात कौलांवर पाऊस कोसळत असताना ही फेरी घेऊ नका, बेडकांचंही तेच. पाच-सहा फेऱ्यांनंतर कानाला विश्रांती द्या.

## टप्पा ८: एका फेऱ्यात कळलं नाही तर

नक्कल पुन्हा त्याच यंत्रातून न्या, तिची नक्कल पुन्हा. दहा पिढ्या झाल्या की दोष फुगतात, पण सगळे सारखे फुगत नाहीत. साधा गोंगाट दहा पिढ्यांत सुमारे १० डेसिबल वाढतो. वरच्या सुरांतली ०.१ डेसिबलची घट मात्र पूर्ण १ डेसिबल होते. म्हणून दहावी पिढी आधी ‘बोथट’ ऐकू आली तर तुमच्या यंत्राचा कमकुवत भाग कुठला ते कळलं. प्रत्येक पिढीनंतर लेव्हल पुन्हा जुळवायची, हे विसरलात तर टप्पा ६ मधल्या सगळ्या चुका परत येतात.

दहाव्या पिढीलाही पेटीवाल्या काकांचं १६ पैकी ८ आलं, तर त्या यंत्रावर आणखी पैसे घालण्याची गरज नाही.

## टप्पा ९: मग कॅसेटीकडे

आता तिसरा प्रश्न. साध्या कॅसेटीवर गाणं आणि खरखर यांच्यातलं अंतर ५० ते ६० डेसिबल. साधारण बऱ्या इंटरफेसचं १०० च्या वर. कॅसेटीची खरखर कन्व्हर्टरच्या खरखरीला पूर्ण झाकते. म्हणजे यंत्रात घूं, क्लिपिंग, गळलेले सॅम्पल आणि चुकीचा सॅम्पल रेट या चार गोष्टी नसतील, तर उरलेला वेळ डेकवर घालवा: हेड आणि पिंच रोलर (फीत ओढणारं रबरी चाक) स्पिरिटने पुसा, हेडचा कोन जुळवा, ज्या कॅसेटी डॉल्बीवर (खरखर कमी करणाऱ्या सोयीवर) भरल्या होत्या त्यांनाच डॉल्बी लावा. पावसाळ्यात पांढरी बुरशी धरलेली फीत थेट डेकमध्ये घालू नका, एका कॅसेटीची बुरशी हेडवरून पुढच्या दहांना लागते.

आणि नोंद ठेवा. यंत्राचं नाव, ड्रायव्हरची आवृत्ती, गेनचं बटण कुठे होतं, सॅम्पल रेट, कोण ऐकायला बसलं, किती पैकी किती. ‘१६ पैकी ९’ असंच लिहायचं, ‘फरक नाही’ असं नाही. त्या दिवशी, त्या हेडफोनवर, त्या माणसाला फरक ओळखता आला नाही, इतकंच त्यातून ठरतं. विंडोजचं मोठं अपडेट आलं की टप्पा ३ ची तपासणी पुन्हा करा, बंद केलेल्या ‘सुधारणा’ कधीकधी परत चालू झालेल्या असतात.